दोराच्या वेटोळ्यांची परडी

दोराचे वेटोळे करीत जायचे आणि ती वेटोळी लोकरीने एकमेकांशी शिवत जायची, अशा रीतीने वाटी, परडी किंवा टोपली तयार करण्याच्या कामाला साचा लागत नाही, माग लागत नाही आणि उभे-आडवे धागे असा भेदही त्यात नसतो. आत दोर असतो, त्यावर लोकर गुंडाळलेली असते, आणि गुंडाळता गुंडाळता ठरावीक अंतरावर तीच लोकर सुईने मागच्या फेऱ्यातून काढून नवा फेरा जुन्याला बांधायचा असतो. कृती एवढीच आहे आणि शेजारी बसून पाहिली तर ती अर्ध्या तासात समजते. भांड्याला हवा तो आकार येणे मात्र सर्वस्वी प्रत्येक फेऱ्यात दोर किती सोडला यावर ठरते, आणि ते बोटांना कळायला पुष्कळ दिवस जातात. गेले वर्षभर मी हे काम करीत आहे. त्यात जे करून पाहिले ते, जिथे काम खरोखर अडते तिथे अधिक थांबून, इथे लिहीत आहे.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दरभंग्याकडचे एक कुटुंब राहते. त्यांच्या घरी बडीशेप ठेवायला गवताची एक रंगीत, झाकणाची डबी आहे. मिथिलेत अशा डबीला पौती म्हणतात आणि उघड्या परडीला मौनी. तिचा गाभा मुंज गवताचा असतो, त्यावर सिक्की नावाचे सोनेरी गवत, काही ठिकाणी रंगवून, गुंडाळलेले असते, आणि टकुआ नावाच्या मूठ असलेल्या लोखंडी टोचणीने मागच्या फेऱ्यात भोक पाडून त्यातून सिक्की ओवलेली असते. आपल्याकडच्या बुरुडांच्या टोपलीत बांबूच्या पट्ट्या एकमेकींच्या वरखाली जातात, म्हणजे ती विणलेली असते. ही डबी शिवलेली आहे, हा फरक मला ती हातात घेईपर्यंत ध्यानात आला नव्हता. शेजारीण म्हणाली, “काकू, सिक्की इथे कुठून आणणार? दोर घ्या, लोकर घ्या. हात तसाच चालवायचा.” तिने मला पहिला टाका घालून दाखवला आणि पुढचे सारे माझ्यावर सोपवून ती आपल्या नोकरीच्या धांदलीत निघून गेली.

दोराची निवड ही पहिली पायरी असते आणि तिच्यात घाई करू नये. पूर्वीच्या गावगाड्यात दोर वळण्याचे काम मातंग समाजाकडे असे; घायपाताच्या, म्हणजे केकताडाच्या, आणि अंबाडीच्या वाखापासून कासरे, दावी, मोटेचे नाडे वळले जात. तो दोर आता शहरात सहज मिळत नाही, आणि मिळाला तरी या कामाला तो राठ पडतो. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास, दोरखंडाची जी दुकाने आहेत तिथे सुती, तागाचा, काथ्याचा आणि नायलॉनचा असे सगळे दोर एका छताखाली पाहता येतात. तिथे माल वजनावर देण्याची रीत आहे, त्यामुळे मीटरचा हिशेब मनात ठेवून गेलेल्या माणसाचा थोडा गोंधळ होतो. दुकानदाराने “काय बांधायचंय?” असे विचारले आणि मी “काही बांधायचं नाही, शिवायचंय,” असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी तराजूवरचा हात काढून घेऊन माझ्याकडे नीट पाहिले, आणि मग आपणहून आतून मऊ सुती दोराची गुंडाळी आणून दिली.

काथ्या बोटे सोलवटून काढतो. नायलॉनचा दोर गुळगुळीत असल्यामुळे त्यावर लोकर जागेवर राहत नाही, सरकत राहते. शिवाय तो वाकवला की पुन्हा सरळ होऊ पाहतो, आणि मधल्या लहान वेटोळ्याला ते मुळीच चालत नाही. तागाचा दोर स्वस्त असतो, दिसायलाही देखणा असतो, पण गिरणीत ताग मऊ करण्यासाठी त्याला खनिज तेल लावलेले असते, त्यामुळे नव्या सुतळीला आणि तागाच्या दोराला घासलेटासारखा वास येतो. तो उन्हात ठेवून कमी होतो, पूर्ण जात नाही. म्हणून खाण्याच्या वस्तूंच्या परडीसाठी मी ताग वापरत नाही. त्याची कूसही झडते. मला सर्वांत सोयीचा वाटला तो ६ मिलिमीटर जाडीचा सुती दोर. त्यातही तीन पेडांचा पिळाचा आणि गोल विणीचा असे दोन प्रकार येतात. गोल विणीचा दोर सर्व बाजूंनी सारखा असतो, त्यावर लोकर सपाट बसते. पिळाच्या दोरावर लोकर पिळाच्याच कलाने गुंडाळली तर ती पेडांमधल्या खाचेत उतरते आणि पृष्ठभाग उंचसखल दिसतो. उलट कलाने गुंडाळली तर ती पेडांवरून आडवी जाते आणि बरीच नीट बसते. दोर वापरताना त्याची गुंडाळी जमिनीवर आडवी ठेवून वरून टोक उपसत राहिले तर दर वेढ्याला त्यात एक पीळ चढतो किंवा उतरतो, आणि थोड्या वेळात दोर आपोआप गाठाळू लागतो. गुंडाळी गरगर फिरवत दोर सोडला तर हा त्रास होत नाही.

सुती दोर शिवायला घेण्यापूर्वी तो रात्रभर पाण्यात भिजवून पूर्ण वाळवून घ्यावा. कारण सरळ आहे: सूत धुतल्यावर आटते, वरची ॲक्रिलिकची लोकर आटत नाही, आणि तयार परडी पहिल्यांदा धुतली की आतला दोर आखडून तळ वेडावाकडा होतो. श्रावण-भाद्रपदात पुण्याच्या हवेत हा दोर लवकर वाळत नाही आणि अर्धवट ओला राहिला तर आतून कुबट वास धरतो, म्हणून मी वर्षाचा दोर मे महिन्यातच भिजवून, गच्चीवर वाळवून ठेवते.

आपण दुकानात ‘लोकर’ म्हणून जी मागतो ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. रंग पुष्कळ, धुलाईला सोपी, वजनाला हलकी, म्हणून शोभेच्या आणि कोरड्या वस्तूंच्या परड्यांसाठी ती उत्तम. मात्र ॲक्रिलिक उष्णतेने मऊ होते आणि वितळते, त्यामुळे गरम पातेल्याखाली ठेवायचे आसन किंवा पोळ्यांची टोपली करायची असेल तर गुंडाळायलाही सूतच घ्यावे. या बाबतीत रंगाचा मोह धरू नये. चार पदरी लोकर मला योग्य वाटली. तिच्याहून बारीक लोकरीने काम फार रेंगाळते आणि जाड लोकरीचे टाके मागच्या फेऱ्यात शिरताना वाट अडवतात.

लोकर किती लागेल याचा अंदाज आधी केला तर रंग मध्येच संपण्याची वेळ येत नाही. ६ मिलिमीटरच्या दोरावर लोकर बसली की जाडी सुमारे ८ मिलिमीटर होते. दोराभोवती लोकरीचा एक वेढा साधारण २२ मिलिमीटर लोकर खातो आणि एका सेंटीमीटरात साधारण पाच वेढे बसतात. म्हणजे १ सेंटीमीटर दोर झाकायला ११ सेंटीमीटर लोकर. १५ सेंटीमीटर व्यासाचा तळ आणि ८ सेंटीमीटर उंचीची सरळ भिंत असलेल्या परडीला तळासाठी सव्वादोन मीटर आणि भिंतीसाठी पावणेपाच मीटर, असा एकूण सुमारे ७ मीटर दोर जातो. त्यावर गुंडाळायला ७७ मीटर लोकर, आणि टाक्यांची वेगळी धरून नव्वदच्या घरात. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण लोकरीच्या एका मोठ्या गुंड्यात ते बसते.

सुईबद्दल थोडेसे. पोती शिवायचे दाभण घरात असते म्हणून तेच घ्यावे असे वाटते, पण त्याचे टोक तीक्ष्ण असल्यामुळे ते मागच्या फेऱ्यावरची लोकर चिरत जाते. स्वेटर शिवायची बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई घ्यावी. ती धाग्यांना बाजूला सारून वाट काढते. अंगठ्याला अंगुस्तान असावे. सुई ओढून निघत नसेल तेव्हा दात लावण्यापेक्षा छोटी पकड बरी.

आता आरंभ. दोराचे टोक कात्रीने तिरके कापून पेड थोडे थोडे विरळ करायचे, म्हणजे ते निमुळते होते. त्या टोकावर लोकरीचे शेपूट आडवे धरून त्यावरूनच गुंडाळायला सुरुवात करायची, म्हणजे शेपूट आपोआप दाबले जाते आणि गाठ मारावी लागत नाही. ४-५ सेंटीमीटर लांबी झाकून झाली की ती वाकवून एक लहान भोवरी करायची आणि सुई मधल्या छिद्रातून काढून ती आवळायची. हे छिद्र बुजणार की डोळ्यासारखे उघडे राहणार हे टोक किती निमुळते केले होते त्यावर अवलंबून असते. पहिल्या दोन फेऱ्यांत बोटांना धरायला काहीच नसते आणि सगळे एकदम सुटू पाहते. तिथे दर चार-पाच वेढ्यांनंतर टाका घालावा. पुढे हे अंतर बारा वेढ्यांपर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच सेंटीमीटरपर्यंत, वाढवता येते.

टाका दोन प्रकारचा असतो. एकात सुई मागच्या फेऱ्याच्या पलीकडून काढून लोकर दोन्ही फेऱ्यांवरून एकदम आणायची. हा लांब टाका झटपट होतो आणि वरून एक ठळक रेघ दिसते. दुसऱ्यात सुई दोन फेऱ्यांच्या मधून जाते, मागच्या फेऱ्याला वळसा घालून पुन्हा मधूनच बाहेर येते आणि मग नव्या दोरावर चढते; लोकरीची वाट इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी होते. या आठाच्या टाक्याला वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण दोन फेऱ्यांच्या मध्ये लोकरीची एक पट्टी राहिल्याने ते एकमेकांवर घसरत नाहीत, आणि एखादा टाका तुटला तरी शेजारचा फेरा उसवत नाही. माझे स्पष्ट मत आहे की तळाला, काठाला आणि मुठीला आठाचाच टाका घालावा. भिंतीत लांब टाक्याची रेघ नक्षी म्हणून हवी असेल तर तिथे खुशाल घालावा.

तळ सपाट राहणे हीच या कामातली खरी परीक्षा आहे. अनेक वर्षे शाळेत वर्तुळाचा परीघ फळ्यावर शिकवला, पण त्याचा असा उपयोग कधी समोर आला नव्हता. सपाट तळात प्रत्येक नव्या फेऱ्याची त्रिज्या दोराच्या जाडीइतकी, म्हणजे ८ मिलिमीटरने, वाढते. त्यामुळे त्याचा परीघ आधीच्या फेऱ्यापेक्षा ८ मिलिमीटरच्या २π (दोन पाय) पटीने, म्हणजे ५० मिलिमीटरने, जास्त असतो. दुसरा फेरा असो की विसावा, वाढ ५० मिलिमीटरच, तिच्यात बदल नाही. फेऱ्यात एवढा दोर गेला तर तळ पाटासारखा सपाट बसतो. हाताने दोर ओढून धरला आणि वाढ ४० मिलिमीटरच झाली तर कडा आत ओढल्या जाऊन तळ वाटीसारखा वर उचलतो. उलट दोर सैल सोडून ढकलत राहिले तर जादा झालेल्या लांबीला जागा न मिळाल्याने कडेला लाटा येतात, आणि त्या लाटा इस्त्रीने, वजनाने किंवा पाण्याने जात नाहीत. वर उचललेला तळ निदान वाटी म्हणून वापरता येतो. लाटांचा तळ उसवण्यावाचून गती नसते. म्हणून ओढच थोडी जास्त असलेली बरी. दर दोन फेऱ्यांनंतर काम ओट्यावर उपडे ठेवून चहूबाजूंनी बोटाने दाबून पाहावे. एका बाजूला दाबले असता दुसरी बाजू उचलली गेली तर तळ सपाट नाही.

याहूनही चांगली तपासणी मला बुरुड आळीत समजली. सूप घ्यायला गेले होते आणि पिशवीत अर्धवट तळ होता, तो मी तिथे बांबूच्या पट्ट्या काढत बसलेल्या एका वयस्कर बाईंना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला आणि हसून म्हणाल्या, “ताई, ही तर चुंबळ झाली की. ठेवा वर घागर खुशाल.” मग चाकू खाली ठेवून, माझ्याशी बोलत असतानाच, त्यांनी अंगठा कडेवरून सावकाश फिरवला. एका जागी तो थांबला. “हितं सैल हाय,” त्या म्हणाल्या, आणि चार बोटे पुढे, “हितं वढलाय.” तो तळ मी त्याआधी कित्येकदा डोळ्यांसमोर आडवा धरून पाहिला होता आणि मला तो बिनचूक वाटला होता. दोन फेऱ्यांमधली खाच अंगठ्याला एका जागी खोल आणि दुसऱ्या जागी उथळ लागते, ती दिसत नाही पण जाणवते. तेव्हापासून मी खिडकीशी न बसता कुठेही बसते आणि दर फेऱ्याला अंगठा फिरवते. त्या बाईंनी माझ्याकडून सुपाचे पैसे घेतले, तळ परत दिला, आणि दोराला बांबूची सर येणार नाही हेही सांगून टाकले.

भिंत उचलायची वेळ आली की हीच परिघाची गोष्ट उलट्या अंगाने वापरायची असते. नवा फेरा मागच्या फेऱ्याच्या बाहेर न ठेवता बरोबर डोक्यावर ठेवला तर परीघ वाढतच नाही आणि भिंत काटकोनात उभी राहते. तो थोडा बाहेर, म्हणजे जमिनीशी ६० अंशांचा कल राहील असा, ठेवला तर दर फेऱ्याला परीघ २५ मिलिमीटरने वाढतो आणि उंची सुमारे ७ मिलिमीटरने. फळांच्या पसरट परडीला हा कल शोभतो. आत कललेला फेरा ठेवला तर तोंड आवळत जाते. टेप घेऊन बसायची गरज नसते, पण कल कुठे बदलायचा हे आधी ठरवावे लागते, कारण एकदा वर चढलेला फेरा पुन्हा बाहेर सरकवता येत नाही. सुरुवातीला आधारासाठी स्टीलचे पातेले उपडे घालून त्यावर दोर बसवावा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुढचा फेरा जागेवर धरावा. पातेल्याने आकार मिळतो खरा, पण हाताला कल कळू लागला की ते बाजूला ठेवावे. पातेल्यावर केलेली परडी पातेल्यासारखीच दिसते.

दर्शनी बाजू कोणती हेही तळाच्या वेळीच ठरते. सुई ज्या बाजूने आत जाते ती बाजू स्वच्छ येते, मागच्या बाजूला टाके जरा वेडेवाकडे पडतात. खोलगट टोपलीची बाहेरची बाजू दिसते, तेव्हा काम करताना आपल्याकडे तळाची खालची बाजू हवी. पसरट तबकाची आतली बाजू दिसते, तेव्हा उलट. भिंत सुरू झाल्यावर हे लक्षात आले तर काही उपाय उरत नाही.

लोकर एका वेळी दोन मीटरपेक्षा लांब घेऊ नये, गुंता होतो. दोन मीटरमध्ये टाके धरून जेमतेम १६ सेंटीमीटर दोर झाकला जातो, म्हणजे वर सांगितलेल्या परडीच्या भिंतीत एका फेऱ्यात तीनदा जोड येतो. जोड हा अपवाद नसून कामाचा नेहमीचा भाग आहे, म्हणून तो गाठीशिवाय करण्याची सवय लावून घ्यावी. जुनी लोकर बोटभर उरली की ती दोरावर आडवी टाकायची, नव्या लोकरीचे शेपूटही तिच्याशेजारी ठेवायचे आणि नव्या लोकरीने दोन्हींवरून गुंडाळत पुढे जायचे. टाक्याच्या अगदी जवळ जोड आणू नये, तिथे ओढ बसून तो सुटतो. दोराचा जोड त्या मानाने क्वचित येतो: दोन्ही टोके तिरकी कापून ५ सेंटीमीटर एकमेकांवर ठेवायची आणि साध्या दोऱ्याने घट्ट आवळून मग वरून लोकर चढवायची. टोके निमुळती केली नाहीत तर भिंतीत गाठोडे दिसते.

रंगांबाबत एक गोष्ट कागदावरच्या नक्षीतून कळत नाही. हे काम चढत्या वेटोळ्याचे आहे, बंद वर्तुळांचे नाही. फेरा जिथे सुरू झाला तिथे तो संपत नाही, एक दोर वर संपतो. त्यामुळे एका फेऱ्याचा पट्टा वेगळ्या रंगाचा केला की त्याची दोन टोके पायरीसारखी वरखाली येतात. मी ती पायरी झाकण्याचा नाद सोडला आणि सगळे रंगबदल एकाच रेषेवर आणायला लागले, त्यामुळे ती शिवणीसारखी दिसते. टाक्यांचेही तसेच. ४७ सेंटीमीटरच्या फेऱ्यात बारा बारा वेढ्यांनी टाके घातले तर ते पुरे वीस बसत नाहीत, थोडे अंतर उरते, आणि दर फेऱ्याला प्रत्येक टाका मागच्यापेक्षा किंचित सरकतो. आठ-दहा फेऱ्यांनंतर त्यांची तिरकी रांग भिंतीवर चढताना दिसते. ती मुद्दाम आणलेली नक्षी आहे असे पाहणाऱ्याला वाटते आणि मी त्याला तसे वाटू देते. पूर्ण दोर झाकायलाच हवा असेही नाही. जागोजागी सुती दोर उघडा ठेवला तर लोकर कमी लागते, आत काय आहे ते दिसते, आणि माझ्या डोळ्याला तीच परडी अधिक भावते.

शिवणयंत्रावरही दोराच्या परड्या होतात. त्यात दोर न गुंडाळता फेरे शेजारी शेजारी ठेवून त्यांवरून नागमोडी टीप मारतात. १६ नंबरची जाड सुई लावावी लागते आणि भिंत उचलायला तळ यंत्राच्या अंगाला टेकवून तिरका धरावा लागतो. बहिणीच्या यंत्रावर मी तशी एक करून पाहिली. एका दुपारीत वस्तू हातात येते आणि धुलाईलाही ती टिकाऊ आहे. गरम डिंकाच्या पिस्तुलाने दोर चिकटवून केलेल्या परड्यांबद्दल मात्र मला काही चांगले म्हणता येत नाही. उन्हाळ्यात गाडीच्या काचेशी ठेवली की त्यांची वेटोळी सुटतात.

वापराच्या बाबतीत गणपतीत अडचण आली. पूजेच्या फुलांसाठी म्हणून केलेल्या परडीत ओली फुले आणि दूर्वा ठेवल्या की दोर पाणी पितो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ओलाच राहतो. आता मी आत केळीच्या पानाचा गोल तुकडा घालते. धुताना परडी कोमट साबणपाण्यात बुडवून, न पिळता, टॉवेलमध्ये दाबायची आणि आकाराचे भांडे आत घालून सावलीत वाळवायची.

मूठ करणे अवघड नाही. काठाच्या शेवटच्या फेऱ्यात हव्या त्या जागी टाके थांबवायचे, दहा-बारा सेंटीमीटर दोर कमानीसारखा मोकळा सोडून त्यावर नुसती लोकर दाट गुंडाळायची आणि पुन्हा काठाला शिवायला लागायचे. समोरच्या बाजूला तसेच. कमानीच्या दोन्ही पायांशी दोन-तीन टाके जास्तीचे हवेत, कारण उचलताना सगळे वजन तिथे येते. शेवट करताना दोर ६-७ सेंटीमीटर लांब तिरका कापून मागच्या फेऱ्यावर विरत जाईल असा शिवायचा आणि लोकरीचे टोक सुईने वेढ्यांच्या आतून उलट दिशेला ओवून तोडायचे. कापाची सुरुवात तळ जिथे भिंतीला मिळाला त्या रेषेच्या बरोबर वर आली तर काठ समतल दिसतो. अन्यथा परडी एका बाजूला एका फेऱ्याने उंच राहते.

सध्या माझे काम झाकणांवर चालले आहे. झाकण म्हणजे दुसरा सपाट तळच, पण त्याचा व्यास भांड्याच्या काठाशी तंतोतंत जुळावा लागतो आणि ते सरकू नये म्हणून त्याच्या आतल्या अंगाला एक सुटा फेरा उभा शिवावा लागतो. हा फेरा बाहेरून दुसऱ्या वेटोळ्याच्या खाली येतो. तिथे ६ मिलिमीटरचाच दोर घेतला तर तो भिंतीला चिकटून बसतो आणि झाकण उघडताना अख्खी डबी उचलली जाते. ४ मिलिमीटरचा घेतला तर मिलिमीटरभर मोकळीक राहते आणि झाकण अलगद निघते. शेजारणीच्या पौतीचे झाकण मी पुन्हा मागून आणून पाहिले, तर तिथेही आतला फेरा बाहेरच्यांपेक्षा बारीकच निघाला. धरायच्या बोंडासाठी झाकणाची पहिली भोवरी सपाट न करता उभी गुंडाळून सुरुवात करते. पोळ्यांच्या टोपलीला मात्र मी झाकण करीत नाही; गरम पोळ्यांची वाफ सुतात मुरते आणि झाकण जड होऊन ओले राहते, त्यापेक्षा वरून फडके टाकलेले पुरते.